ग्लिनचा गोल राहिलाय!

आमच्या टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच गोष्टी साचत जातात. एक म्हणजे 'सॉरी, आज जमत नाहीये' असे मेसेज, आणि दुसरे ग्लिनचे किस्से. मेसेज मी वाचून सोडून देतो. किस्से मात्र डोक्यात बसलेत, कारण त्यातल्या निम्म्यांचा अर्थ मला अजून लागलेला नाही. तुम्हाला लागला तर सांगा बुवा!

आधी ओळखी करून देतो. मी हेमंत, मूळचा डोंबिवलीचा. आता ऑस्ट्रेलियात. नोकरी पॅरामॅटाला आयटीत, घर टूनगॅबीत. चाळिशी उलटल्यावर डॉक्टर म्हणाला, रोज चाला. चालायचा मला भयंकर कंटाळा, म्हणून आम्ही आठ मराठी मंडळींनी ओव्हर-थर्टीफाइव्हची सॉकर टीम काढली. अकरा भरायला दोन गुजराती आणि एक नेपाळी घेतला. काढली म्हणजे बापटने काढली. बापट आमचा गोलकीपर, आणि पेशाने प्रोजेक्ट मॅनेजर. ऑफिसात मॅनेजर, ग्राउंडवर मॅनेजर, आणि त्याच्या बायकोला विचाराल तर घरीसुद्धा तेच.

ग्लिन आम्हाला मिळाला माझ्या बायकोमुळे. शर्वरी वेस्टमीडला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. ग्लिन तिथे वॉर्ड्समन, म्हणजे पेशंटना स्ट्रेचरवरून इकडून तिकडे नेणारा. सव्वासहा फूट उंच, नाक दोन ठिकाणी वळलेलं, गाव वेल्समधलं. एकदा लिफ्टमध्ये त्याने सहज सांगितलं की तो सोळा वर्षं प्रोफेशनल फुटबॉलर होता. डिफेंडर. शेवटची दोन वर्षं खेळायला म्हणून ऑस्ट्रेलियात आला आणि इथलाच झाला.

मी उडालोच. "अगं, आपल्याला कोच हवाय! विचार ना त्याला!"

"तुमचा खेळ बघितला तर तो वेल्सला परत जाईल," शर्वरी म्हणाली.

पण तो आला.

*

पहिलाच दिवस. सीझनची सुरुवात म्हणून बापटने नारळ आणला होता. आम्ही सगळ्यांनी मैदानात पाय ठेवण्याआधी वाकून गवताला हात लावला आणि कपाळाला लावला. ग्लिन बाजूला उभा राहून बघत होता.

"काय हरवलंय?" त्याने मला विचारलं. "मीही शोधू का?"

मी समजावायला लागलो, तेवढ्यात नारळाचा प्रश्न उभा राहिला. इथल्या मैदानावर औषधाला दगड मिळत नाही! सगळीकडे कौन्सिलचं मऊ गवत. बापटने नारळ गोलपोस्टवर आपटला. पोस्ट 'टण्ण' वाजला, नारळ ढिम्म! मी आपटला, नेपाळी तमंगने आपटला, मग दोघा गुजरात्यांनी मिळून आपटला. पोस्टला पोचा आला, नारळाला चरासुद्धा नाही.

ग्लिनने नारळ हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला आणि गंभीरपणे म्हणाला, "आत्तापर्यंत बघितलेल्यात तुमचा हा बेस्ट डिफेंडर आहे."

*

बापटला माहिती गोळा करायची सवय. दुसऱ्या आठवड्यात त्याने विचारलं, "ग्लिन, वेल्स म्हणजे इंग्लंडमध्येच येतं ना?"

ग्लिनने आम्हाला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. आम्हाला वाटलं तो आजचा वॉर्मअप. नंतर कळलं, तेच उत्तर होतं.

धापा टाकत मी विचारलं, "मग तू तुझ्या देशासाठी खेळलास का रे कधी?"

"खेळलो नाही. वेल्ससाठी वॉर्मअप केला."

म्हणजे झालं असं, की एकदा, एकदाच, त्याला नॅशनल टीममध्ये बोलावलं. दुसऱ्या हाफला मॅनेजर म्हणाला, ग्लिन, तयार हो. हा उठला आणि लाइनच्या कडेने पळायला लागला. पळतोय, पळतोय, मॅनेजर बोलवेचना! तब्बल पस्तीस मिनिटं पळाला आणि रेफरीने शिट्टी मारून मॅच संपवली. मॅनेजर त्याला विसरून गेला होता!

"त्या दिवशी सगळ्यात जास्त मीच पळालो," ग्लिन म्हणाला. आवाजात तक्रार नाही, काही नाही.

बापट विचारात पडला. "मधे पाणी वगैरे नेलंस का प्लेयर्सना?"

"नाही. का?"

"मग आमच्या क्रिकेटमधला बारावा खेळाडू बरा. निदान पाणी देऊन तरी येतो!"

यावर आणखी दोन फेऱ्या.

*

एकदा मी त्याच्या घरी गेलो होतो, सेव्हन हिल्सला. दोन खोल्यांचं युनिट, एकटा जीव. भिंतीवर एकच फ्रेम, वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण. वर मोठ्या अक्षरात दोन्ही टीम्सची नावं आणि मधे शून्य-शून्य.

"कोण जिंकलं?" मी विचारलं.

"कोणीच नाही."

"मग फ्रेम कशाला केलीस?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. म्हणाला, समोरचा स्ट्रायकर त्या वर्षी सगळ्यांना फाडून खात होता. त्या दिवशी त्याने पूर्ण मॅचमध्ये एक शॉट मारला आणि तोही वैतागून, पार्किंगकडे.

मी फोटो निरखला. मधोमध एक देखणा माणूस रागाने ओरडतोय. बाकी कोणीच दिसेना.

"यात तू कुठायस?"

ग्लिनने बोट ठेवलं. त्या देखण्या माणसाच्या कमरेशी त्याचा शर्ट मागून ओढला गेलेला, आणि त्या शर्टाला धरलेली चार बोटं.

"हा मी," तो म्हणाला.

घरी येऊन मी शर्वरीला म्हटलं, या माणसाच्या अख्ख्या करिअरचा एकच फोटो आहे आणि त्यात त्याची फक्त बोटं आहेत. आता हसू की रडू ते सांग! ती म्हणाली, "आधी कचऱ्याचा लाल डबा बाहेर ठेव, मग ठरव."

*

आमच्या खेळाबद्दल ग्लिनचं एकच मत होतं: तुम्ही फार चांगल्या घरची माणसं आहात.

हे मत कसं बनलं? ब्लॅकटाउनच्या टीमशी मॅच चालू होती. बॉल आमच्या हाफमध्ये, माझ्या आणि देसाईच्या मधोमध येऊन थांबला. मी म्हटलं, "घे." देसाई म्हणाला, "अरे नाही, तू घे." मी म्हटलं, "नको, तू जवळ आहेस." तो म्हणाला, "असं काही नाही, घे ना!" जेवणाच्या पंगतीत शेवटच्या गुलाबजामचं होतं ना, तसं चाललं होतं. तेवढ्यात ब्लॅकटाउनचा एक गडी मधून आला, बॉल घेतला आणि गोल करून परतही गेला.

आणि मग आम्ही सगळे एकदम ओरडलो, "अरे अरे अरे अरे!"

हाफटाइमला ग्लिनने आम्हाला रिंगण करून बसवलं. "डिफेंडरने सतत बोलायचं असतं," तो म्हणाला. "तुम्ही बोलता, छान बोलता. पण गोल झाल्यावर! हे जे अरे अरे अरे आहे, ते दहा सेकंद आधी येऊ दे."

दुसऱ्या हाफला आम्ही पहिल्या मिनिटापासून अरे अरे अरे सुरू केलं. गोल झाले ते झालेच, पण ब्लॅकटाउनवाले खूप घाबरले होते.

*

आता मुद्द्याचं. सोळा वर्षांत ग्लिनने एकही गोल केलेला नाही. एकही! आम्हाला हे कळलं त्याच्या आईमुळे.

रविवारी आमची मॅच साडेचारला संपते. तेव्हा वेल्समध्ये सकाळ असते. आम्ही डब्यातले पोहे काढतो, ग्लिन बाजूच्या बाकावर बसून आईला फोन लावतो. आई शहाऐंशीची, डोंगरातल्या एका छोट्या गावात एकटी राहते. एका रविवारी मी त्याला पोहे द्यायला गेलो, तर स्पीकरवर पहिलंच वाक्य ऐकलं: "गोल केलास का रे?"

"आज नाही, आई."

"असू दे. पुढच्या वेळी."

मग हवापाणी, शेजारणीचं मांजर, आणि फोन बंद.

मी म्हटलं, "तिला सांगितलं नाहीस की तू आता फक्त कोच आहेस?"

"सांगितलंय."

"आणि तू डिफेंडर होतास, गोल करणं तुझं कामच नव्हतं, हे?"

"चाळीस वर्षं सांगतोय." तो पोहे खात राहिला. आई बेकरीत कामाला होती, शनिवार म्हणजे तिथे मरणाची गर्दी, आणि मॅचेस सगळ्या शनिवारी. तिने त्याला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. त्याचे क्लब एवढे लहान की टीव्हीवर यायचा प्रश्नच नव्हता. तिला फुटबॉलमधलं एवढंच माहीत होतं की गोल करतात. त्यामुळे तो आठ वर्षांचा असल्यापासून घरी आला की हाच एक प्रश्न.

"मग एकदा सांगून टाक ना, केला म्हणून. तिला काय कळणार आहे?"

ग्लिन माझ्यावर चिडला. खरंच चिडला, नाक लाल झालं. "ती माझी आई आहे," तो म्हणाला.

मला एकदम माझी आई आठवली. तिला माझं आयटीतलं काम कळत नाही, त्यामुळे दर फोनला विचारते, "साहेब खूश आहे ना?" मी वीस वर्षं 'हो' म्हणतोय. मला जरा लाजच वाटली.

*

तसा एक गोल त्याने केला होता म्हणे. हा किस्सा मी तीन वेळा ऐकलाय आणि तिन्ही वेळा डोकं गरगरलंय.

त्या शनिवारी आईने कशीबशी सुट्टी काढली होती. ती मॅचला येणार होती. पण सकाळपासून धुकं! एवढं की तिची बस गावातून सुटलीच नाही. इकडे मॅच मात्र सुरू झाली. मध्ये केव्हातरी बॉल ग्लिनच्या पायाशी आला, त्याला पुढचं काही दिसेना, म्हणून त्याने नुसता लांब मारला. थोड्या वेळाने धुक्यातून समोरचा गोलकीपर चालत आला आणि म्हणाला, "अभिनंदन, तो आत गेला."

कोणी पाहिला नाही. रेफरीने गोलकीपरच्या शब्दावर दिला. ग्लिन आनंदाने नाचला, पण तेही कोणाला दिसलं नाही. आणि दहा मिनिटांत रेफरी म्हणाला, मला माझीच शिट्टी दिसत नाहीये, मॅच रद्द!

"मॅच रद्द म्हणजे गोलही रद्द?" देसाईने विचारलं.

"गोलही रद्द. सगळं परत पहिल्यापासून."

"पण केला तर होतास ना तू?"

"केला होता."

"मग मोजायचा की नाही?"

"तेच तर मी तीस वर्षं विचारतोय," ग्लिन म्हणाला.

*

या जूनमध्ये ग्लिनच्या गुडघ्याचा निकाल लागला. पूर्ण बदलायचा, दोन आठवड्यांनी बुधवारी ऑपरेशन. त्यानंतर पळणं बंद, बॉलला लाथ मारणं बंद, कायमचं. त्याने आम्हाला हे पोहे खाता खाता सांगितलं आणि वर म्हणाला, "नो वरीज."

बापटने त्याच रात्री नवा ग्रुप काढला. नाव: 'ग्लिनचा गोल राहिलाय'. त्यात ग्लिन सोडून सगळे. ब्लॅकटाउनचा गोलकीपर स्टॅव्हसुद्धा. हा स्टॅव्ह म्हणजे ग्रीक मेकॅनिक, आडवातिडवा माणूस, मनाने लोणी.

प्लॅन साधा होता. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी ग्लिनच्या सन्मानार्थ मॅच. ग्लिन आमच्याकडून खेळणार. पेनल्टी मिळणार, स्टॅव्ह चुकीच्या बाजूला उडी मारणार, ग्लिन गोल करणार. शर्वरी तेव्हा फोनवर त्याच्या आईला व्हिडिओ लावून बसणार. बापटने एक्सेल शीट केली. त्यात 'रिस्क' नावाचा कॉलम होता आणि त्यात लिहिलं होतं: पाऊस.

पाऊस पडला नाही. पण आम्ही मराठी माणसं पडलो! कोणाचा सन्मान करायचा तर नुसती मॅच खेळून कसं चालेल? सत्कार नको? शाल-श्रीफळ नको? ग्राउंड आम्हाला मिळालं होतं तीन ते साडेचार. तीन वाजता बापटने घडीच्या टेबलावर पांढरी चादर टाकली आणि माइक लावला.

आधी बापटचं प्रास्ताविक. मग इथल्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष गोखलेकाका 'दोन शब्द' बोलायला उठले आणि वेल्समधल्या कोळशाच्या खाणींपासून त्यांनी सुरुवात केली. मग देसाई. देसाई बोलला तर गुजराती कसे मागे राहतील? मग तमंग, मग स्टॅव्ह. स्टॅव्हला तर रडू आलं. मधे सव्वासहा फुटी ग्लिन अंगावर शाल, हातात नारळ, गळ्यात हार असा उभा. गोखलेकाका त्याला 'कर्तव्यनिष्ठ', 'अजातशत्रू' काय काय म्हणत होते आणि मी कानात भाषांतर करत होतो.

चौथ्या भाषणानंतर ग्लिनचा चेहरा पांढरा पडला. तो हळूच वाकून म्हणाला, "हेमंत, खरं सांग. शर्वरीने माझे रिपोर्ट पाहिलेत का?"

*

आभारप्रदर्शन संपलं तेव्हा चार वाजून आठ मिनिटं झाली होती. पुढच्या बुकिंगवाली टीम येऊन कुंपणापाशी बूट बांधत होती. राहिली वीस-बावीस मिनिटं!

शर्वरीने फोन लावला. पलीकडे आई गुलाबी गाऊनमध्ये, हातात चहाचा मग, स्क्रीनच्या अगदी जवळ. "कुठला माझा?" तिने विचारलं. शर्वरी म्हणाली, "तो उंच." तेवढंच.

आणि तिथे बापटच्या शीटमधली खरी रिस्क बाहेर आली. रेफरी! रेफरी होती माझी मुलगी ईरा. चौदा वर्षांची, ज्युनियर रेफरीचा कोर्स केलेली. दहाव्या मिनिटाला ठरल्याप्रमाणे ब्लॅकटाउनचा गडी ग्लिनला बॉक्समध्ये नुसता चाटून गेला, ग्लिन अडखळला, आम्ही सगळे ओरडलो, "पेनल्टी!"

"नो फाउल. प्ले ऑन," ईरा म्हणाली.

मी पळत गेलो. "ईरा, बाळा, दे ना. ठरलंय आपलं."

"डॅड, दॅट्स चीटिंग. आणि परत बोललास तर यलो कार्ड देईन."

परत बोललो. दिलं!

मग आमचा सगळा बाजारच उठला. आम्ही दिसेल तो बॉल ग्लिनकडे मारायला लागलो. ब्लॅकटाउनवालेही त्याच्याकडेच मारायला लागले. ग्लिन बिचारा गोंधळून गेला. दोन्ही टीम आपल्यालाच का पास देतायत हे त्याला कळेना, आणि सवयीने तो प्रत्येक बॉल आपल्या हाफमधून बाहेर भिरकावत होता. बापट दुसऱ्या टोकाच्या गोलमधून ओरडत होता, "त्याला पुढे पाठवा रे! पुढे!"

चार सत्तावीस. शेवटचा कॉर्नर. आम्ही दोघा-तिघांनी ग्लिनला अक्षरशः ढकलत समोरच्या गोलपाशी नेलं. कॉर्नर आला. स्टॅव्हने बॉलला हात लावला आणि छातीत गोळी लागल्यासारखा आडवा झाला. त्यांचे दोन डिफेंडर दोन्ही पोस्टला चिकटून पुतळे झाले. बॉल माझ्या पायाशी आला. समोर अख्खा गोल उघडा, आणि लाइनवर, बरोबर मधोमध, तोंड माझ्याकडे करून उभा ग्लिन!

मी बॉल हळूच त्याच्याकडे सरकवला. त्याने काही करायची गरज नव्हती हो! नुसता पायाला लागून आत गेला असता तरी गोल त्याचा.

बॉल त्याच्यापाशी पोचला. ग्लिनने डावा पाय मागे घेतला, तोच, बुधवारी कापायचा होता तो, आणि असा काही दणका मारला की बॉल माझ्या डोक्यावरून, बापटच्या डोक्यावरून, कुंपणापलीकडे पार्किंगमध्ये!

ईराने शिट्टी मारली. फुल टाइम. शून्य-शून्य.

स्टॅव्हने पडल्या पडल्या डोकं वर करून विचारलं, "मेट, हे काय होतं?" बापट अख्खं मैदान ओलांडून पळत आला आणि नुसता हातवारे करत राहिला. मी ग्लिनकडे बघितलं. तो स्वतःच्या पायाकडे बघत होता. मुद्दाम केलं की आपसूक झालं, देव जाणे. मी नंतर हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हाही विचारलं नाही. धीरच झाला नाही.

शर्वरी फोन घेऊन आली. मला वाटलं, आता तो प्रश्न येणार. पण आईने चहाचा मग बाजूला ठेवला आणि ती स्क्रीनमध्ये आणखी पुढे वाकली.

"अगं बाई!" ती म्हणाली. "म्हणजे तू हे करत होतास होय, इतकी वर्षं!"

"हो, आई," ग्लिन म्हणाला. "हेच."

"परत कर बघू."

पुढची टीम लाइनवर येऊन उभी होती. ईराने घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांना हात करून थांबवलं. बापट पार्किंगमधून बॉल घेऊन आला. ग्लिन लंगडत लंगडत गोललाइनवर जाऊन उभा राहिला. शर्वरीने फोन नीट धरला.

मी बॉल ठेवला, चार पावलं मागे गेलो, आणि या वेळी अजिबात दया न करता मारला.